लखीच्या लग्नापर्यंत कंबर मोकळी

५ जानेवारी १९६९, रविवार
आजपासून नाच. धाकटा भाऊ लखीचंद, त्याचं ९ फेब्रुवारीला धुळ्याला लग्न. मुलगी माझ्याच सासरची, माझ्या बायकोची, राजकुंवरची, चुलतबहीण. माझ्या लग्नात याच धुळेकरांनी मला बँडपुढे ओढलं होतं आणि मी खांबासारखा उभा राहिलो होतो. सासरे अजून चारचौघांत सांगतात, जावयापेक्षा घोडी बरी नाचली. या वेळी बरातीत चा-चा-चा हा साहेबी नाच करून सगळ्यांची तोंडं बंद करणार. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले गार्ड डिमेलोसाहेब शिकवायला तयार आहेत. महिन्यात जमेल का विचारलं. ते माझ्या पायांकडे बघत राहिले. चेहऱ्यावरून होकार वाटला.

८ जानेवारी
साहेबांचं म्हणणं, कंबर हलवायचीच नाही. एका पायावर वजन टाकून गुडघा सैल सोडायचा, कंबर आपोआप फिरते. माझे गुडघे इतकी वर्षं दुकानात गादीवर मांडी घालून बसलेत. त्यांना आता नवीन काय शिकवणार. मी डायरेक्ट कंबरच हलवीन.

१२ जानेवारी, रविवार
भुसावळ. साहेब म्हणाले, खांदे स्थिर ठेवा. ठेवले. मग म्हणाले, श्वास घ्या. तो राहूनच गेला होता. एकंदरीत प्रोग्रेस आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगुळाने अंग जड. सराव नाही.

१६ जानेवारी
दुकानामागच्या गोदामात, कापडाच्या गाठींच्या आड सराव. हमाल झिपरू आला आणि बघतच राहिला. मग हळूच विचारलं, शेठ, आंगमा काही उनं का? अंगात वगैरे काही आलं नाही, व्यायाम आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी गोदामाच्या दाराला लिंबू-मिरची. वडिलांनी, बापूजींनी, चौकशी केली. धंद्यासाठी बांधलं, म्हटलं. खूश झाले.

१९ जानेवारी, रविवार
भुसावळला गेलो नाही. गाडी चुकली. गाडीचीच चूक, वेळेवर आली.

२४ जानेवारी
राजकुंवरने विचारलं, रोज गोदामात काय चालतं? स्टॉक मोजतो म्हटलं. ती हसली नाही, म्हणजे पटलं. तिला सांगून तरी काय समजणार. आमच्याकडे बायका बायकांतच नाचतात, तिथे पुरुषांना मज्जाव. तिला नाचताना मी कधी पाहिलेलंच नाही. घूंघट सांभाळत गोल फिरत असेल बिचारी.

२ फेब्रुवारी, रविवार
शेवटचा धडा. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, बँड जोरात वाजवायला सांगा, लोकांचं लक्ष तिकडे राहील. अनुभवी माणसाचा सल्ला.

८ फेब्रुवारी
घरात मिरच्या कुटणं चालू. शिंक आली आणि कंबर धरली. नाचताना लचकली असती तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं. वैद्य म्हणाले, हलायचं नाही. उशीत तोंड घालून रडलो.

९ फेब्रुवारी, दुपार
बस सकाळीच धुळ्याला गेली. घरातला एकूण एक पुरुष बरातीत, मी खाटेवर. मागे राहिलेल्या बायकांचा आज टूंटिया. पुरुषांचे कपडे चढवून त्या खोटं लग्न लावतात, नकला करतात. मी आहे म्हणून खोलीला बाहेरून कडी घातली. पण खाट दाराला लागून, आणि दाराला फट.

राजकुंवर माझा कोट घालून आली. डोक्यावर माझा फेटा. आधी ताठ उभी राहिली, श्वास कोंडला, मग कंबरेला एकेक हिसका देत सुटली. माझी माँ हसून हसून भिंतीला टेकली. कानशिलं तापली माझी.

मग तिने गुडघा सैल सोडला. खांदे जागच्या जागी, आणि कंबर अशी फिरली की डिमेलोसाहेब उठून उभे राहिले असते. पाय चा-चा-चाचे. हसणाऱ्या बायका टाळ्यांनी ठेका धरू लागल्या. मला लाज वाटली, हेवा त्याहून जास्त. आणि ही बाई इतकी वर्षं माझ्याच घरात राहते, मला पत्ता नाही.

संध्याकाळ
ती शेक घेऊन आली. कुठे शिकलीस विचारलं. म्हणाली, गोदामाला खिडकी आहे. तुम्ही सगळं तोंडाने पाठ म्हणत होता, फक्त करत नव्हता.

मला शिकवशील का, विचारलं. ती म्हणाली, आधी कूस बदलून दाखवा.

बदलता आली नाही.