उंदराच्या फुप्फुसातलं हाड

अवसरी बुद्रुक,
मंगळवार

तीर्थस्वरूप बाळासाहेब दादांस, धाकट्या लंकाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी दाढ काढली, की अजून डॉक्टरच्या दारातूनच माघारी येतात? आमच्याकडे सगळे खुशाल. फोनच करणार होते, पण तुम्ही "बरं, बरं" म्हणत फोन वहिनींच्या हातात देता. कागद मात्र तुम्हालाच वाचावा लागेल. (चष्मा लावा.)

पारगावच्या लग्नात पाव्हण्यांनी "बहीण काय करती?" विचारलं, तेव्हा तुम्ही "औषधाच्या कंपनीत हाय" म्हणून पंगत वाढायला पळालात. उंदरं सांभाळते, हे काही तुमच्या तोंडून निघालं नाही. तर दादा, आता तुमच्या लोणीच्या पारावर बसून खुशाल सांगा. मंचरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत तुमच्या बहिणीमुळे (आणि थोडं कल्याणी मॅडममुळे) उंदरात असा आजार सापडला, जो भल्याभल्या डॉक्टरांना उभ्या नोकरीत बघायला मिळत नाही.

झालं असं. आमच्याकडे एका औषधाची तपासणी चालू आहे. निम्म्या उंदरांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी, म्हणजे फरक कळतो. त्या पाणीवाल्यांतला एक पांढरा म्हातारा मागचा पाय ओढायला लागला. हा पिंजऱ्यात एकटाच असायचा (शेजारी कुणी ठेवलं की चावायचा, आपल्या कुशाबा चुलत्यांसारखा स्वभाव). मी चाचपून पाहिलं, तर मांडीला हरभऱ्याएवढी गाठ, खड्यासारखी टणक. लगेच वर कळवलं. मोठे साहेब आले आणि लांबूनच म्हणाले, पाय मोडून हाड वाकडं जुळलंय, बाईंनी झाकणात अडकवला असणार. वर माझ्याकडेच लेखी खुलासा मागितला! बारा वर्षांत माझ्या हातून एका उंदराची मिशीसुद्धा वाकडी झालेली नाही. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

शेवटी कल्याणी मॅडमकडे गेले. या जुन्नरच्या, मेलेल्या-आजारी जनावरांचं निदान करणाऱ्या आमच्या डॉक्टरीण. वयानं आपल्या आरतीएवढ्या, तरण्याच. म्हणलं, "मॅडम, त्यो येकटा ऱ्हातो, कुणाशी झोंबला न्हाई, माझ्या हातनं पडला न्हाई. मग पाय मोडंल कसा?"

त्या म्हणाल्या, "लंकाताई, खुलासा नका लिहू. आधी हाडालाच विचारू."

एक्स-रे काढला, तर मोडल्याची खूणच नाही. पुढे म्हाताऱ्याला फारच त्रास व्हायला लागला, तेव्हा मॅडमनी त्याला इंजेक्शन देऊन शांत केलं. (मी बाहेर जाऊन उभी राहिले. हे कुणाला सांगू नका.) हाड तसं कापता येत नाही, म्हणून लोणच्यातल्या फोडीसारखं ते औषधी पाण्यात मुरवून मऊ करतात, मग कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात. दुर्बिणीत मॅडमनी मलाही दाखवलं. बिघडलेल्या पेशी दाटीवाटीनं वाढलेल्या, आणि त्या स्वतःच कच्चं हाड तयार करत बसलेल्या! हाडाचा कॅन्सर, दादा. पण साहेब कुठले ऐकायला? मोडलेलं हाड जुळतानाही नवं हाड बनतंच, म्हणाले.

मग मॅडमनी फुप्फुसाचा काप लावला. तिथेही तेच. फुप्फुसात हाड!

"सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पाय मोडला तर तो छातीत जाऊन जुळत नाही."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसला. ना मार, ना औषध, आजार आपोआप झालेला. माझा खुलाशाचा कागद त्यांनी सगळ्यांदेखत फाडला आणि म्हणाले, "बाई, तुमचा हात लागला म्हणून कळलं." अहवालात मॅडमनी लिहिलंय, गाठ प्रथम लंकाबाईंच्या लक्षात आली. माझं नाव, दादा, इंग्रजीत! मी त्या ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचून घेतलं.

वहिनींना नमस्कार, समृद्धीला गोड पापा.

तुमची,
लंका

ता. क. शुक्रवारी प्रयोगशाळेत माझा आणि मॅडमचा सत्कार आहे. तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण असं, की आमच्या घरात एक उंदीर शिरलाय. काळा, दांडगा. काल पिठाच्या डब्यामागून निघाला आणि मी किंचाळून जी खाटेवर चढले, ती शेजारच्या फुलाबाईंनी हाताला धरून उतरवली. शुक्रवारी येताना तुमचा बोका पिशवीत घालून आणा. सत्काराच्या ठिकाणी मात्र पिशवी उघडू नका.