देवाचा घड शून्यावर

१२ जानेवारी १९९६, रावेर
आजही केळीच्या शेडमधलं वजनाचं कॉम्प्युटर-मशीन बंद पडून बसलं! तीनशे घड तोलले की बसतंच. घडांच्या वजनांची यादी — प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात तिला ॲरे म्हणतात — तिच्यात जागाच तीनशे. गेल्या महिन्यात मीच दोनशेच्या तीनशे केल्या होत्या. ट्रक मोठा आला की पुन्हा तेच!
शेडचे मालक रतिलालशेठ म्हणाले, "बावीसला जळगावहून इंजिनिअर येतोय. तोवर तुझ्याकडून झालं तर ठीक, नाहीतर साक्रीची एसटी धर."
मी नववी नापास. साक्रीला घरी काय तोंड दाखवू?

१५ जानेवारी
जागा वाढवत बसायचं नाही. ॲरेऐवजी प्रोग्रॅममध्ये आपलीच एक वस्तू करायची — नाव 'गाडी'. नवा घड आला की स्वतः जागा करेल. भलताच नंबर मागितला तर बसणार नाही, "असा घड नाही" म्हणेल.
पण जुन्या प्रोग्रॅममध्ये चाळीस ठिकाणी चौकटी कंसात नंबर टाकून वजन मागितलंय. त्या ओळींना हात लावला तर मेलो. म्हणजे गाडीनेच ॲरेसारखं वागायचं. कंस दिसला की ओ द्यायची!

१७ जानेवारी
ओ दिली! गाडी[५] — सोळा किलो! पण तिथे सतरा भरायला गेलो तर एरर. वाचू देते, लिहू देत नाही. छगननाना, आमचे मुकादम, मागून — "तुनी गाडी नुसती दखाडस, भरू देत नही!"

१९ जानेवारी
& !!! फक्त एक & चिन्ह राहिलं होतं. गाडी वजनाची नक्कल हातात देत होती, आता खुद्द वजन देते. सतरा भरले!

२१ जानेवारी
पूर्ण ट्रक, तीनशे चाळीस घड. आणि पहिल्याच ओळीला — असा घड नाही!
छगननाना हसत सुटले. "देवना घडले नही म्हणस का रे?"
आमच्या शेडमध्ये पहिला घड देवाचा. दाराला टांगायचा, तोलायचा नाही. मोजणी त्याच्यानंतर, एकपासून. मीही हद्द एकपासून धरली. पण ॲरे मोजते शून्यापासून, आणि जुन्या ऑपरेटरने देवाला बरोबर शून्यावर बसवलेला! मी देवालाच हाकललं. कान धरले, शून्य आत घेतलं.
तीनशे… तीनशे एक… तीनशे चाळीस! नानांनी दारावरच्या जुन्या घडातलं पिकलेलं केळं माझ्या तोंडात कोंबलं.

२२ जानेवारी
इंजिनिअर अभिमन सर आले. मुद्दाम गाडी[-७] मागितली. "असा घड नाही." मग जुन्या ओळी वाचत बसले.
"यात बदल कुठे केलास?"
"कुठेच नाही सर. गाडीलाच शिकवलं."
शेठकडे वळून म्हणाले, "मग मला कशाला बोलावलंत?"

२३ जानेवारी
शेठनी त्यांच्या धुळ्याच्या शेडलाही असंच मशीन घेतलंय. शेठ म्हणाले, तूच सांभाळ. तिथून घर दीड तासावर!
गाडीची फ्लॉपी वरच्या खिशात. आधी घरी तोंड दाखवून येतो. साक्रीची एसटी धरली.