न निघालेल्या चंद्राचं ग्रहण

मु. बोदलकसा

श्रीमान व्याहीबुवा हिरालालजी यांना दुलीचंदचा दोन्ही हात जोडून रामराम. विहीणबाई नंदाबाईंनाही तोच, थोडा जास्त वाकून. तुमचा गुडघा कसा आहे? मोहाची फुलं पडायला लागली असतील, वेचायला खाली बसता येतं की नाही ते कळवा. आमची उन्हाळी धानाची रोवणी आटोपली, म्हैस बरी आहे.

तुमची आचल होळीपासून माहेरी आहे. तिने तिची बाजू सांगितलीच असेल आणि ती खरीच असेल, कारण पोरगी खोटं बोलत नाही. मी फोन केले, तिने उचलले नाहीत, म्हणून हे पत्र. माझी बाजू एवढीच की मला अजून काही समजलेलं नाही.

पुनवेला खग्रास चंद्रग्रहण होतं. टीव्हीवरचे महाराज सकाळीच म्हणाले, सूतक लागलं. मी तुळशीची पानं घागरीत टाकली, दुधात टाकली, लोणच्याच्या बरणीत टाकली (घाईघाईत आमच्या भुपेंद्रच्या चहातही). तर भुपेंद्र म्हणतो, "बाबूजी, खग्रास हाये, पण आपल्याले दिसत नाही. चंद्र निघाच्या आधीच ते होऊन जाते. निघन तवा नुसतं शेपूट उरन." आता तुम्हीच सांगा, जो चंद्र अजून निघालाच नाही त्याला ग्रहण लागलं कसं? आणि लागलंच तर सूतक आपण काऊन पाळायचं, ज्यांच्याकडे तो निघाला त्यांनी पाळावं की नाही? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. पण घरात सातव्या महिन्याची सून. समजलं नाही म्हणून सोडून द्यावं आणि उद्या बाळाला काही झालं तर? म्हणून मी सगळंच पाळायचं ठरवलं. आचलला म्हटलं, विळीला हात लावू नको, सुई घेऊ नको, झोपू नको, जेवू नको. ती बी.एस्सी. झालेली, तरी हसून म्हणाली, "मामाजी, तुमच्यासाठी बसतो. पण ग्रहण सुटलं का जेवतो, मंग मले थांबवू नका." मी म्हटलं, ठरलं.

आता सुटलं हे ओळखायचं कसं? मोबाइल एक सांगतो, महाराज दुसरं. आमच्या घरी पहिल्यापासून मुसळावर भरवसा. परातीत पाणी घालून, हळदकुंकू वाहून मुसळ मधोमध उभं करायचं. ग्रहण असेपर्यंत ते बिनआधाराने उभं राहतं, सुटलं की आपोआप पडतं (असं माझे बाबा सांगत, त्यांना त्यांचे). अंगणात ठेवलं आणि पहिल्याच दमात उभं राहिलं. शेजारच्या शामकलाबाईंनी तर त्याला नमस्कार केला.

दिवस बुडाला, तलावामागून चंद्र निघाला. लाल, एका बाजूने खाल्लेला. (निघताना तो रोजच लाल असतो, असं भुपेंद्रचं म्हणणं. असेल, मी कुठे रोज पाहतो.) थोड्या वेळात तो भाकरीसारखा भरून आला. गावाने आंघोळी केल्या, घराघरातून फोडणीचे वास यायला लागले आणि आमचं मुसळ उभंच. वर सुटलेलं, खाली लागलेलं, मी मधात. तुमची विहीण निर्मलाबाई म्हणाली, धक्का द्या न त्याले. पण धक्का मारून ग्रहण सोडवणारा मी कोण?

तेवढ्यात आचल बाहेर आली. तिने चंद्राकडे पाहिलं, मुसळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग विळी घेऊन तिथेच बसली, काकडी चिरली आणि मीठ लावून खायला लागली. माझ्या तोंडातून नको ते गेलं, की माझं ऐकायचं नसेल तर बापाच्या घरी जा. तिने काकडी संपवली आणि सकाळच्या बसने निघाली. जाताना पाया पडली, ते जास्त लागलं.

परवापर्यंत मुसळ उभं होतं. शेवटी परात घासायला पाहिजे म्हणून मीच उचललं आणि बूड पाहिलं. गेल्या दिवाळीत झिजलेलं लोखंडी कडं काढून मी नवीन बसवून घेतलं होतं, चांगलं रुंद आणि सपाट. आता ते पाण्यात उभं राहतं, बिनपाण्याचं उभं राहतं, बाजाराच्या दिवशीही उभं राहतं. म्हणजे शास्त्र खरं, मुसळ खोटं. किंवा उलट. मी त्यात पडत नाही.

खरं सांगू व्याहीबुवा, मला भीती वाटली होती. भुपेंद्रच्या आधी आमची दोन लेकरं हाती लागली नाहीत. त्या दोन्ही वेळी निर्मलाबाईने सगळं पाळलं होतं. तेव्हाही मला काही समजलं नव्हतं.

असो. आचलवर जोर करू नका. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ती रीतच आहे. मी न्यायला येणार नाही, हे पक्कं समजा.

आपला,
दुलीचंद

ता. क. भुपेंद्र तिच्या मागोमाग तिकडे आला, ते एक वेळ समजतं. पण निर्मलाबाई "पोराले पाहून येतो" म्हणून आली, तिलाही तुम्ही ठेवून घेतलंत. मला चहा करता येतो, त्यापुढचं काही येत नाही.

आणखी एक. येणार नाही हे घरी लिहिलं होतं. आता तुमच्या देवरीच्या बसस्टँडवर आहे. हा कागद तुमच्या फाटकात खोचून समोरच्या टपरीवर बसतो. आचल नको म्हणाली तर तसाच परत जाईन, कोणाला दोष देणार नाही. फक्त जायच्या आधी कोणीतरी फाटकापर्यंत येऊन एवढं सांगा, पोरगी जेवली का.