निरोगींच्या ओळीतली कुपी

नोएडा, मे १९९८. मंगळवार

तुलनेसाठी निरोगी माणसाचं मणक्यातलं पाणी सहज मिळत नाही. म्हणून आईच्या हर्नियाच्या ऑपरेशनला, कमरेत भुलीची सुई जाणारच होती तर, थोडं मीच मागून घेतलं. "घे गं, तुझ्या उपयोगी पडू दे," म्हणाली होती.

आज लॅबमध्ये त्या पाण्यातले चरबी वाहणारे कण तपासले. निरोगींच्या ओळीत एकच कुपी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसारखी निघाली. नंबर कोणाचा, हे फक्त मला माहीत. सर म्हणाले, "अरे, इसको हटा दो, पूरा ग्राफ बिगाड़ रहा है." हटवली. पण कुपी टाकवेना, परत फ्रीझरमध्ये ठेवली. एका कुपीवरून काही ठरत नाही, हे मीच सगळ्यांना सांगते ना?

परवा आई दूध घेऊन समोरच्या ब्लॉकमध्ये, आमच्याच नंबरच्या दाराशी उभी होती. "इथं सगळे ब्लॉक सारखेच, कोणीही चुकेल," सासूची बाजू घेत सुधीर म्हणाला. मीही हसले. आता त्याला काय सांगू? आणि तिला?

जेवताना तिनंच विचारलं, "माझं पाणी लागलं का गं उपयोगी?"

"हो, अगदी नॉर्मल आलं."

खूश झाली. मला भात वाढला, वरण वाढलं आणि म्हणाली, "माझं पाणी लागलं का गं उपयोगी?"