वारसाचा रकाना

आबा, तुम्ही ज्या जागेला जन्मभर ‘आपली माणसं’ म्हणालात, तिला कागदावर काय म्हणतात ते मला साठाव्या वर्षी कळलं. पोटखराबा. शेतातला जो तुकडा पिकत नाही, खडकाळ, ओढ्याकाठचा, नांगराला न येणारा, तो पोटखराबा. मोजणीवाला करंजाच्या सावलीत उभा राहून उतारा वाचत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “मॅडम, इथं स्मशानाची नोंदच नाही. पोटखराबा आहे.” मी त्याच्या पायाकडे बघत होते. बूट नेमका एका दगडावर होता. “आधी पाय काढा,” मी म्हणाले. त्याने पाय काढला, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, “का, कोण आहे इथं?” काय सांगणार? कुणीतरी आहे, एवढंच मला ठाऊक होतं. कोण ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली.

तुम्हाला सगळं सांगायला हवं. टाकव्याच्या अलीकडची ती ओढ्यापलीकडची जमीन वरच्या आळीतल्या एका घराची, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्या पणजोबांनी आपल्या पणजोबांना तोंडी सांगितलं, तुमची माणसं तिकडे ठेवा, आणि त्या एका शब्दावर आपल्या पिढ्या तिथं गेल्या. गावाच्या स्मशानाला पत्र्याची शेड झाली, डांबरी रस्ता झाला, दिवा लागला. आपल्याकडे करंजाची तीन झाडं आणि दगड. तरी कुणी तक्रार केली नाही. आता त्या घरच्या पणतवाने ओढ्यापर्यंतचा सगळा तुकडा बंगल्यांच्या स्कीमला विकलाय. नाक्यावर मोठा बोर्ड लागलाय, डोंगर, तळं आणि निवांत शांतता. ती शांतता कुणाच्या जिवावर आहे, हे बोर्ड लावणाऱ्याला विचारावंसं वाटलं मला.

तो पणतू पन्नाशीचा आहे, आणि वाईट बोलत नाही. तेच जास्त झोंबतं. मला खुर्ची दिली, चहा मागवला. “मावशी, आवो तितं हाय काय? नुस्ती दगडं. तुमाला लय वाटत आसल तर एक कोपरा सोडतो, तितं बोर्ड लावा.” मी म्हटलं, “तुझी नाळ ज्या म्हातारीने कापली ती त्या दगडांखाली आहे. तुझ्या बापाचीही तिनेच कापली होती. तिला परसदाराने आत घ्यायचात आणि ती गेल्यावर तिची वाट पाण्याने धुवून काढायचात.” त्याने मान खाली घातली, नाही असं नाही. मग मोजणीचा नकाशा पुढे सरकवून म्हणाला, “व्हय, आसंल. पन कुटला दगड, दावा की.” तो मला नकाशावर दाखवता आला, तिला ठेवलं तेव्हा मी तिथं होते. “बरं, हा एक झाला. आन् बाकीचं?” बाकीचे मला दाखवता येईनात. चहा तसाच ठेवून उठले. त्याचा राग आला होता, पण रस्त्याला लागल्यावर कळलं की त्याहून जास्त राग तुमचा आला होता.

हो, तुमचाच. कारण तो खडू मी विसरलेले नाही. मी नऊ वर्षांची. धाकटा भाऊ झाला आणि बारसं व्हायच्या आत गेला. तुम्ही त्याला टॉवेलात गुंडाळून एकटेच घेऊन गेलात, आई चुलीसमोर बसून राहिली, चूल पेटवलीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून खडूचा तुकडा आणला आणि ओढा ओलांडून गेले. ताजी माती एकाच ठिकाणी होती. तिथल्या लहान दगडावर मी त्याचं नाव लिहिलं, मीच ठेवलेलं. तेवढ्यात तुम्ही मागे. मला वाटलं जवळ घ्याल. तुम्ही मुंडाशाचं टोक ओढ्यात बुडवलंत आणि ते नाव पुसून टाकलंत. “एकाचं नाव लिवलं की बाकीची बेवारस व्हत्यात,” म्हणालात. “कुनाच्या घरी लिवता येतं, कुनाच्या न्हाई. हितं समदी आपलीच हाईत.” मग माझा हात धरून दगडा-दगडावरून फिरवलंत. ह्यो पैलवान, लय हसायचा. ही सासू, ही सून, एकाच आठवड्यात गेल्या. ह्यो कामाच्या शोधात आलेला, आपला कुनी न्हवता, तरी आपलाच. असं सगळं सांगत होतात, पण मी ऐकत नव्हते, आबा. मी रडत होते आणि माझ्या पुसलेल्या नावाकडे वळून वळून बघत होते. त्या दिवशी ऐकलं असतं तर आज एकेक दगड दाखवता आला असता.

आपल्यातलं कुणी गेलं की लोक आधी आपल्या दारात यायचे. “आबा हाईत का?” मी चुलीपाशी भाकरी थापतेय, हात पिठाचे, आतूनच ओरडते, “ड्यूटीवर गेल्यात. आल्यावर लावून देते.” घाटात दिवसभर रेल्वेच्या गँगमध्ये रुळाखालची खडी ओढून तुम्ही यायचात, पाणी प्यायचात, आणि कामावरचीच पहार खांद्यावर घेऊन ओढ्याकडे निघायचात. कुणाच्याही घरचं असो, खड्डा तुम्हीच खणायचात. सगळं तुमच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. आणि मुलगी कोण, तर तीस वर्षं लोणावळ्याच्या शाळेत जनरल रजिस्टर लिहिणारी क्लार्क. हजारो मुलांची नावं, जन्मतारखा, बापाची नावं मी सुवाच्य अक्षरात लिहिली. तुम्ही तुंगार्लीला माझ्याकडे राहायला आलात तेव्हा एखाद्या दुपारी वही घेऊन बसले असते तरी झालं असतं. मला वाटलं, आबा आहेत की. मग तुम्ही गेलात, आणि तुम्हाला इथं तुंगार्लीतच अग्नी दिला.

हरकतीचा अर्ज केला. कचेरीत म्हणाले, कोण कोण पुरलंय त्याची यादी द्या, पुढे वारसांची नावं लिहा, मग बघू. मी गावात घरोघर फिरले. दगड अडतीस भरले, नावं मिळाली एकवीस. आता नवलाख उंबरे गावच्या कंपनीत जाणारी पोरं म्हणतात, आत्या, आम्हाला काय माहीत. त्यांचा काय दोष? बाळाच्या दगडापुढे मी खडूने लिहिलेलं तेच नाव लिहिलं. ते तुम्हाला पुसता यायचं नाही, शाईने लिहिलंय. राहिले सोळा. त्यांच्यासमोर ‘नाव माहीत नाही’ लिहिलं आणि वारसाच्या रकान्याशी येऊन थांबले. तो रिकामा ठेवला असता तर बेवारस झाले असते सगळे, तुम्ही म्हणाला होतात तसे. मग सोळाच्या सोळा जणांपुढे, आणि बाळापुढेही, तुमचं नाव लिहिलं. सतरा वेळा, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

काल सुनावणी होती. कचेरीतल्या माणसाने यादीवरून बोट फिरवलं. “हा एकच माणूस एवढ्या सगळ्यांचा वारस?” मी म्हटलं, हो. “मग हजर का नाहीत? पुढच्या तारखेला आणा त्यांना.” तो पणतू मागच्या बाकावर बसला होता. लहानपणापासून तुम्हाला ओळखणारा. तुमच्या अंत्यविधीलाही आला होता. मला वाटलं, आता सांगेल की आबा केव्हाच गेले. तो खिडकीबाहेर बघत राहिला. तेवढ्यासाठी त्याला बाकीचं माफ करायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. पुढच्या तारखेपर्यंत ओढ्यापलीकडे मशीन घालायचं नाही, एवढं मात्र लिहून मिळालंय.

हे पत्र कुठे पाठवायचं म्हणा. त्या कागदांबरोबर फाइलला लावून ठेवावं असं मनात होतं, पण तेही जमायचं नाही. यात तुम्ही गेल्याचं लिहिलंय, आणि मी तर तिथं सांगून आलेय की आबा ड्यूटीवर गेल्यात.