काठावरच्या चिमण्या

प्रिय ठमाबाई,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोनवर तू 'गोळ्या घेतल्या का' विचारतेस, मी 'घेतल्या' म्हणतो, तेवढ्यात तुझी आई फोन ओढून घेते आणि माझं बोलणं राहून जातं. म्हणून म्हटलं, लिहावं. अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर हसू नकोस, त्याचं कारण पुढे सांगतो.

गेल्या आठवड्यात आईने माळा आवरायला काढला. म्हणजे मी शिडीवर आणि ती खालून हुकूम सोडतेय. तिथे तुझं खोकं सापडलं, बारा ताटल्यांचं. तुला पहिली नोकरी लागली, भाड्याची खोली मिळाली, तेव्हा जुन्या बाजारातून आणलेल्या त्या चिनी मातीच्या ताटल्या. एकीचा आकार दुसरीला नाही, कुणाचा टवका उडालेला, कुणावर कुठल्याशा खानावळीचं पुसट नाव. आई म्हणाली होती, "एकटीला बारा ताटल्या? पलटण जेवायला येणार आहे का?" तू म्हणालीस, "येतील की माणसं."

नव्या ताटल्या घेण्याची तुझी ऐपत नव्हती आणि माझ्याकडे मागायची तुझी तयारी नव्हती. मग तू रंगाच्या दोन छोट्या बाटल्या आणल्यास, एक निळी, एक तांबडी. सोड्याने घासून ताटल्यांचा जुना तेलकटपणा घालवलास, स्पिरिटने पुसल्यास. घास लागतो तिथे रंग नको म्हणून फक्त काठावर एकेक चिमणी काढलीस. मग रंग पक्का बसावा म्हणून थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवल्यास आणि आतच निवू दिल्यास. मी खुर्चीत बसून सगळं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढ्याशा चिमणीला केवढे हे सोपस्कार!

त्या चिमण्या सरळ नव्हत्या गं. मी पाट्या रंगवणारा माणूस. अक्षर दोराभर खाली आलं तरी मला जेवण जात नसे. तू दोन दिवस मैत्रिणीकडे गेलीस आणि माझे हात शिवशिवायला लागले. दुकानातून ऑइल पेंटचे डबे आणले, तुझ्या चिमण्यांवर पांढरा हात मारला, पुठ्ठ्याचा छाप कापला आणि बाराच्या बारा काठांवर एकसारखी, एकाच मापाची, एकाच दिशेला बघणारी चिमणी उठवली. आई म्हणाली, "अहो, तिला विचारलंत का?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, पोरगी खूश होईल.

तू आलीस, एकेक ताटली हातात घेऊन पाहिलीस आणि म्हणालीस, "छान झाल्यात बाबा. अगदी विकतच्यासारख्या." मला ती शाबासकी वाटली. आठवडाभर मी ते वाक्य ज्याला त्याला सांगत फिरलो. खोलीवर जाताना तू ते खोकं नेलं नाहीस, जागा नाही म्हणालीस. कुंचले शेजारच्या मुलीला देऊन टाकलेस. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

तर माळ्यावरून काढलेल्या त्या ताटल्या आईने गरम पाण्यात टाकल्या. पहिलीच घासली आणि माझी चिमणी सबंधच्या सबंध सुटून तिच्या अंगठ्याला चिकटली. "अहो, तुमची चिमणी उडाली," म्हणाली आणि हसत सुटली. मग ताटली माझ्यापुढे धरली, कारण खाली तुझी होती. जशीच्या तशी, तांबड्या पोटाची. गुळगुळीत काचेसारख्या पृष्ठभागावर ऑइल पेंट नुसता मारला तर धरत नाही, हे चाळीस वर्षं रंगात हात घातलेल्या माणसाला कळायला नको? तुझे सोपस्कार टिकले, माझी सफाई सोलून निघाली.

मी मग एकेक ताटली पाण्यात भिजवून नखाने माझा रंग काढत बसलो. तीन दिवस लागले. एक चिमणी लठ्ठ, एक चोच वासून भांडणारी, एक पाठ फिरवून बसलेली, एकीचं डोकं अंगापेक्षा मोठं. कुणीच कुणासारखी नाही. त्या वेळी मी नुसत्या मोजल्या होत्या, बघितल्या नव्हत्या. अकरा सुखरूप निघाल्या. बाराव्या ताटलीवर माझा रंग चिवट होता, मी ब्लेड घेतलं, हात घसरला आणि तुझी चिमणीही खरवडली गेली. ती कशी होती ते आठवायला बसलो, तर काही म्हणता काही आठवेना. आईलाही आठवत नाही.

आता हात का घसरला ते. दुकान बंद केलं तेव्हा मी तुला सांगितलं, छापील फलक आले, हाताची पाटी कोण घेतो. ते अर्धंच खरं होतं. माझा उजवा हात वर्षभरापासून थरथरतो. शेवटची पाटी कोपऱ्यावरच्या शिंप्याची केली. अक्षरं डोलत होती, मला दिसत होती. तो म्हणाला, "छान झालीय काका," आणि पाटी घेऊन गेला. पंधरा दिवसांनी तिथून जाताना पाहिलं, तर कुणीतरी माझ्या प्रत्येक अक्षरावरून रंग फिरवून ती सरळ केलेली. पाटी खरंच सुधारली होती. मी शिंप्याला "छान दिसतेय" म्हटलं, घरी आलो आणि जेवलो नाही. आईने चारदा विचारलं, मी भूक नाही म्हटलं. गेल्या आठवड्यात तुझ्या ताटल्या हातात आल्या आणि मला तुझं ते 'छान झाल्यात बाबा' पुन्हा ऐकू आलं. तू येतेस, चार दिवस राहतेस, माझी काळजी घेतेस. पण त्या ताटल्यांनंतर तू मला तुझ्या हातचं काही म्हणजे काही दाखवलं नाहीस, हे मला आत्ता कळलं. चुकलो गं बाळा. फार चुकलो. खोकं पाठवतोय. बाराव्या ताटलीवर मी एक चिमणी काढली आहे, तुझ्याच रीतीने, सोड्यापासून ओव्हनपर्यंत सगळं करून. हात थरथरत होता, त्यामुळे ती बटाट्यासारखी झालीय, पण आहे चिमणीच. सुधारावीशी वाटली तर खुशाल सुधार. मी तुला विचारलं नव्हतं, तूही विचारू नकोस.

तुझाच, थरथरत्या हाताचा,
बाबा