दवाखान्यातली पेज

ताइनान, २६ नोव्हेंबर

प्रिय आ-होंग,

आशीर्वाद. सू-छिनला आणि पोरीला माझी आठवण सांग. ह्वालियनला वारा सुटला असेल आणि तू स्वेटर घालत नसशील.

इथे सगळं ठीक. आजोबांच्या दवाखान्याची दर्शनी भिंत यंदा नुसती धुऊन घेतली, रंग लावला नाही. एका मासिकात आपल्या खाणावळीवर लिहून आलं की या घरात पाऊल टाकलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. खरंच आहे ते. सकाळी उंच खिडक्यांतून ऊन फरशीवर उतरतं, तेव्हा तपासणीच्या खोलीत जेवायला बसलेली माणसं चमचासुद्धा जपून ठेवतात. आजोबा ज्या झरोक्यातून औषधाच्या पुड्या द्यायचे, तिथूनच अजून वाट्या बाहेर जातात. ती झरोक्याची भिंत पाडून स्वयंपाकघर मोकळं करायचं तुझ्या मनात होतं आणि त्यावरूनच तू गेलास. माझं मत बदललेलं नाही, आधीच सांगून ठेवते.

लाय काकू आठवतात ना? लहानपणी आजोबांच्या सुईला घाबरून टेबलाखाली लपायच्या, त्या. अजून येतात. मागच्या महिन्यात त्यांनी माशाची पेज मागवली. दोन घास खाल्ले आणि वाटी घेऊन झरोक्याशी आल्या.

"बीयुन, आज कोण रांधतंय?"

"मीच, काकू."

"मग मीठ दोनदा कसं पडलं? आणि लसूण करपलाय. पार दारापर्यंत वास येतोय, अगं."

"सर्दी झालीय जरा."

"कधीपासून?"

मी भांडी आवरायला लागले.

त्यांच्या मागे सगळी टेबलं भरलेली होती. सगळे तीच पेज खात होते. कोणी खिडकीतल्या उन्हाचा फोटो काढत होतं. एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, "फार छान." होंग, मला काकूंचा राग आला नाही, त्या माणसाचा आला. घर इतकं देखणं की त्यात काहीही खपून जातं. आणि मी त्याच्याच आडोशाला उभी होते.

आता सांगतेच. उन्हाळ्यात ताप आला होता, तेव्हापासून मला वास येत नाही. चवही कळत नाही. आलं तोंडात टाकलं काय आणि साबण टाकला काय, सारखंच. डॉक्टर म्हणतात, परत येईल. कधी, ते सांगत नाहीत. इतके दिवस हाताच्या सवयीवर रांधत होते.

काकू बोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चूल बंद केली. नुसता चहा आणि बाहेरून आणलेल्या तिळाच्या वड्या. वाटलं, आता कोण फिरकणार? पण लोक आले, निवांत बसले, खूश होऊन गेले. मला घराकडे बघवेना. माझ्यावाचून त्याचं काही अडत नव्हतं.

फक्त लाय काकूंनी पेला दूर सारला. म्हणाल्या, "चहा प्यायला मला घर आहे. भावाला बोलाव."

"तो यायचा नाही."

"विचारलंस?"

नव्हतं विचारलं. आता विचारते. येशील? चूल तुझी. तू चाखायचं आणि मला सांगायचं. मीठ कमी म्हणालास तर कमी, आलं जास्त म्हणालास तर जास्त. सगळं ऐकेन. भिंतीचं सोडून.

वाट बघणारी,
तुझी ताई बीयुन


ह्वालियन, १ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि सू-छिनने काही न विचारता माझी बॅग काढली. हॉटेलच्या स्वयंपाकघरात सांगून झालंय. शनिवारच्या गाडीने येतो.

उन्हाळ्यापासून एकटीने निभावलंस आणि मला आता कळवतेस? त्यावर मी ओरडणार आहे, पाहुण्यांच्या देखत. भिंतीचं भांडणही मी मिटवलेलं नाही.

पण एक सांग, चव लागत नाही म्हणून तू जेवणं टाकलं आहेस ना? नाही म्हणू नकोस, मी तुला ओळखतो. पहिल्या दिवशी मी पाहुण्यांसाठी काही करणार नाही. तुझ्यासाठी पेज करीन आणि समोर बसून खायला लावीन. चव लागली नाही तरी गरम तर लागेल.

अजून रुसलेला, पण निघालेला,
आ-होंग